माझ्या खुनाला कोणी तयार होईना

माझा खून मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात व्हायचा होता, आणि सोमवार उजाडला तरी तो कोणी करायचा हे ठरलेलं नव्हतं. चौतीस वर्षं आर्वीच्या पंचायत समितीत आवक-जावक सांभाळलेल्या माणसाला असल्या ढिसाळ कारभाराचा त्रास होतो. कागद आला की त्यावर क्रमांक पडला पाहिजे, आणि माणूस मरणार असेल तर मारणारा निदान आदल्या दिवशी तरी नक्की असला पाहिजे. यापलीकडे माझी काही अपेक्षा नव्हती.

खून अर्थातच सिनेमातला. आमची एकुलती एक पौर्णिमा पुण्याच्या एका संस्थेत सिनेमा करायला शिकते. दोन वर्षं मी नातेवाइकांना 'कॉम्प्युटरचं काहीतरी' असं सांगत आलो होतो, पण दिवाळीत बिंग फुटलं. माझा साळा रामाजी रोहण्याहून आला होता. भाची कॅमेरा साफ करताना दिसल्यावर त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "भाऊजी, हे फोटो स्टुडिओ टाकून राह्यली का?" त्याची सेलूकडच्या एका बीएड कॉलेजात ओळख होती आणि पोरीनं मास्तरीण व्हावं असं त्याला मनापासून वाटत होतं. मलाही वाटत होतंच. तेव्हा त्याच्यादेखत मी अट घातली. शेवटच्या परीक्षेचा वीस मिनिटांचा सिनेमा पास झाला, तर पौर्णिमानं पुढे काय करायचं ते करावं. नाही झाला, तर निमूटपणे घरी येऊन बीएडचा फॉर्म भरावा.

पौर्णिमा म्हणाली, "कबूल. पन बाबा, मंग सिनेमात काम तुम्ही कराचं."

मला वाटलं, एखाद्या तडफदार अधिकाऱ्याचं वगैरे काम असेल. ते प्रेताचं निघालं.

"डार्क कॉमेडी थ्रिलर आहे," तिनं मला समजावलं.

"म्हणजे हसायचं की घाबरायचं?"

"दोन्ही. एकाच टाइमले."

"मग लोकांना कळणार कसं, आता काय करायचं ते?"

यावर तिनं माझ्याकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. बहुधा 'बाबांना संवाद देऊ नयेत' असं लिहिलं असावं, कारण मला सबंध सिनेमात एकही संवाद नव्हता. गोष्ट साधी होती. एक निवृत्त कारकून रात्रीच्या जेवणात पातोडीची भाजी खातो आणि ताटावरच कलंडतो. संशय चार जणांवर. शेवटी खुनी सापडतो. बस, एवढंच. मी ती वाचली तेव्हा मला स्वच्छ कळली होती, हे मी इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो. कारण त्यानंतर ती मला पुन्हा कधी कळली नाही.

पहिला घोटाळा भैय्याजींनी केला. भैय्याजी आमचे शेजारी, निवृत्त मुख्याध्यापक. आवाज खणखणीत, म्हणून पौर्णिमानं त्यांना इन्स्पेक्टर केलं. त्यांनी कागद वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, "लक्ष्मणराव, हे काई बरोबर नाई. मले खुनी कोन ते इसाव्या मिनिटाले समजते. सत्तावीस वर्सं हेडमास्तर होतो मी. शाळेत पोट्टे पाह्यतील तं काय म्हनतील, का सरले इतका वेळ समजलंच नाई?"

"मग कधी समजू देता?" मी विचारलं.

"आल्याबरोबर."

पौर्णिमानं खूप समजावलं, पण भैय्याजी ऐकेनात, आणि त्यांच्यासारखा आवाज गल्लीत दुसऱ्या कोणाचा नव्हता. शेवटी ठरलं की इन्स्पेक्टर दुसऱ्या मिनिटाला खुनी ओळखतो, पण प्रेक्षकांना सांगत नाही. का सांगत नाही, हे मी विचारलं. भैय्याजी म्हणाले, "अनुभव."

त्यात आणखी अडचण ही, की तोवर खुनी ठरलाच नव्हता. कागदावर खुनी होत्या समोरच्या शालूताई. त्यांनी हौसेनं नवीन साडीही काढून ठेवली होती. पण त्यांच्या शुभमसाठी पाहुणे येणार होते. त्या म्हणाल्या, "पाहुन्याईनं मोबाइलवर पाह्यलं तं? खुनी बाईच्या घरी पोरगी कोन देते?" मी म्हटलं, अहो, नाटक आहे ते. त्या म्हणाल्या, "तुमाले माहीत आहे. त्याईले काय माहीत?" शालूताईंनी खून सोडला, पण साडी नेसून त्या प्रत्येक दृश्यात मागे उभ्या राहिल्या.

मग खून बंडूजींकडे गेला. आमच्या गल्लीत कोणाकडेही मयत झाली की तिरडी बांधायला बंडूजी. न बोलावता येतात, मान खाली घालून बांधतात आणि चहा न पिता जातात. त्यांनी विचार करायला एक दिवस घेतला आणि मला येऊन सांगितलं, "भाऊ, मीच मारन आन मीच बांधन, बरं दिसते का?" मला ते पटलं. खुनाची फाइल अशी टेबलाटेबलावर फिरत राहिली. चार दिवसांत माझा खून सहा जणांकडे जाऊन परत आला. माणसाला मान किती आहे हे मेल्यावर कळतं म्हणतात, मला मेल्याआधीच कळायला लागलं होतं. इतक्या लोकांना मी नको होतो असं नाही, पण मारण्याइतका हवाही नव्हतो.

परवानगीचंही तसंच. रस्त्यावर अंत्ययात्रेचं शूटिंग करायचं, म्हणून मी रीतसर अर्ज लिहून एका कार्यालयात गेलो. तिथले साहेब म्हणाले, मिरवणुकीचा नमुना वेगळा, अंत्ययात्रेला परवानगी लागत नाही. मी म्हटलं, ही खोटी अंत्ययात्रा आहे. ते म्हणाले, मग ती मिरवणूक. मी म्हटलं, पण मिरवणुकीत तिरडी आहे. त्यांनी अर्ज उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि माझ्याच अक्षरातली 'सविनय सादर' ही ओळ वाचत बराच वेळ बसले. अखेर मी तो अर्ज पोच न घेता परत आणला. माझ्या आयुष्यातला हा पोच नसलेला पहिला कागद.

या सगळ्यात माझी बायको विमल एक शब्द बोलली नव्हती. सिनेमात ती माझी बायकोच होती. काम एवढंच, की माझ्या प्रेताशेजारी पांढरं कपाळ घेऊन बसायचं. ते ऐकून मात्र ती पोळपाट ठेवून बाहेर आली.

"कुकू पुसनार नाई मी," ती म्हणाली.

"आई, खोटं आहे ते," पौर्णिमा म्हणाली.

"कुकू तं खरं आहे न माहं. मंगळसूत्रई काढनार नाई. आन यायच्या नाकात कापूस घालाचा नाई. माह्या घरात जित्या मानसाच्या नाकात कापूस नाई जाऊ देनार."

"मंग काय कराचं? खून कराले कोनी तयार नाई, तू विधवा व्हाले तयार नाई. सिनेमा कसा व्हईन?"

विमलनं पदराला हात पुसले.

"खून मी करतो. पन विधवा व्हनार नाई."

माझ्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. पौर्णिमानं आईला मिठी मारली, तिचा वर्गमित्र विवेक, जो नागपूरहून कॅमेरा घेऊन आला होता, त्यानं लगेच उजेड मोजायला घेतला, आणि भैय्याजी म्हणाले, "मले पयलेच वाटलतं."

तर अशी गोष्ट तयार झाली. बायको नवऱ्याला मारते, इन्स्पेक्टरला ते दुसऱ्या मिनिटाला कळतं, आणि बायको शेवटपर्यंत कुंकू लावून सौभाग्यवती फिरते. मी पौर्णिमाला म्हटलं, "यात काहीतरी बसत नाही." ती म्हणाली, "एडिटिंगमध्ये बसते." हे एडिटिंग म्हणजे काय ते मला अजून ठाऊक नाही, पण त्या आठवड्यात प्रत्येक न बसणारी गोष्ट तिथे पाठवली जात होती.

जेवणाचं दृश्य पहिल्या दिवशी झालं. बाहेर सेहेचाळीस डिग्री, आणि आवाज येतो म्हणून कूलर बंद. विमलनं खोटी भाजी करायला साफ नकार दिला. त्यामुळे अकरा वेळा मी खरी तिखट पातोडीची भाजी खाऊन मेलो. पण खरी गंमत विमलची. ती फक्त वाढायची. वाटीत भाजी घालायची, डाव वाटीच्या काठाला हलकेच टेकवायची आणि म्हणायची, "घ्या न अजून." बस. तेवढ्यावर विवेकच्या हातातला कॅमेरा हलला. शालूताई मागे उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. त्या दिवसापासून आमच्याकडे कोणी पाणीसुद्धा पिईना, आणि मीही रात्री 'पोट जड आहे' म्हणून फक्त दूध घेतलं. तेही मी स्वतः तापवलं.

अंत्ययात्रेच्या दिवशी बंडूजींनी नवीनच अट काढली. ते म्हणाले, "बांधलेली तिरडी रिकामी उठत नाई. आन जिता मानूस घेऊन उठत नाई."

"मग तिच्यावर ठेवायचं काय?"

"कोहळं. जिवाच्या बदल्यात कोहळंच ठेवा लागते."

विमलनं ताबडतोब होकार दिला. माझ्या जागी एक चांगलं आठ किलोचं कोहळं पांढऱ्या कपड्यात गुंडाळून, वर हार घालून निजवलं. ते माझ्यापेक्षा भारदस्त दिसत होतं. मला काही कामच उरलं नाही, म्हणून पौर्णिमानं माझ्या हातात उजेड पाडायचा थर्माकोलचा पांढरा तक्ता दिला आणि मी माझ्याच तिरडीमागून चालू लागलो.

आता बंडूजी मडकं आणि बांबू घेऊन निघाले की आर्वीत कोणी कारण विचारत नाही. लोक दुकानातून उठून मागे चालायला लागले. कोणीतरी रोहण्याला फोन केला असणार, कारण बस डेपोच्या वळणावर एक गाडी थांबली आणि रामाजी उतरला. त्यानं धावत येऊन खांदा दिला. दहा पावलं चालला आणि त्याला असं रडू कोसळलं, की त्यानं खांदा दुसऱ्याला देऊन मागे येणाऱ्या पहिल्या माणसाच्या गळ्यात हात टाकले.

"भाऊजी गेले हो," तो माझ्या खांद्यावर रडत म्हणाला. "सोन्यासारखा मानूस. कधी कोनाले उलटून बोलला नाई."

मला गहिवरून आलं. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "उगी, रामाजी."

त्यानं डोळे पुसले, वर पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकला.

"तुम्ही तं जिते आहा," तो म्हणाला.

"हो. म्हणजे, तसा आहे."

"मंग मी गाडी करून काऊन आलो?"

रामाजी त्या क्षणापासून माझ्यावर जो चिडला तो चिडलाच. मी जिवंत असल्याचा आनंद त्याला झालाच नाही असं नाही, पण तो त्यानं दाखवला नाही. तिकडे स्मशानभूमीच्या दारात रखवालदारानं वही उघडून मयताचं नाव आणि वय विचारलं. बंडूजींनी खरं ते सांगितलं. रखवालदार म्हणाला, "कोहळ्याचा रकाना नाई." मग दारातूनच सगळे परतले. बंडूजींनी कोहळं नाल्याकाठी पुरलं आणि चहा न पिता घरी गेले.

पौर्णिमा मात्र खूश. "बाबा, मामाचं रडनं कसलं भारी आलं आहे," ती म्हणाली. मी तिला विचारलं, की त्या दृश्यात मेलेला माणूस स्वतःच्या मयतीला थर्माकोल घेऊन चालतो आहे, त्याचं काय? "रडनं सोडवत नाई," ती म्हणाली. तेही एडिटिंगकडे गेलं.

शेवटचा दिवस. विवेकला दुपारच्या बसनं कॅमेरा नागपूरला परत न्यायचा होता आणि एकच दृश्य बाकी होतं. मेलेल्या नवऱ्याजवळ खुनी बायको एकटी बसते. अंत्ययात्रा आधीच झाल्यावर प्रेत घरात कसं, हे मी विचारलं नाही. मी आता विचारणं सोडलं होतं. मी चटईवर पडलो, डोळे मिटले. पौर्णिमा म्हणाली, "आई, मनातलं काईबी बोल. मी मंधात थांबवनार नाई. आन बाबा, तुम्ही हलू नोका. एकच वेळ व्हनार आहे हे."

ताट ठेवल्याचा आवाज आला. एक माशी माझ्या नाकावर बसली.

"जेवा," विमल म्हणाली. "आज तरी ताट सरकवू नोका."

मी श्वास धरला.

"एकतीस वर्सं झाले. भाजी कशी झाली, कधी सांगतलं नाई तुम्ही. मीठ कमी पडलं का तेवढं सांगतलं. मी म्हनलं, चाला, तेवढं तं बोलले." ती थांबली. "वर्ध्याले डीएडले नंबर लागलता माहा. लग्नाच्या पयल्या वर्षी. पत्र आलतं. मी तुमच्या हातात देल्लं. तुम्ही म्हनले, पुढच्या वर्षी पाहू. मी म्हनलं, बरं. पुढच्या वर्षी इचारलं, तं तुम्ही म्हनले, कोन्तं पत्र?"

माशी उडाली होती. तरी माझ्या नाकाशी काहीतरी होत होतं.

"मले राग नाई आला. राग याले वेळच नाई भेटला. सासूबाई होत्या, मंग पौर्णिमा झाली. आता वेळ भेटला, तं तुम्ही आयकून नाई राह्यले."

मी आठवायचा प्रयत्न करत होतो. सगळ्या पंचायत समितीची पत्रं माझ्या हातून गेली. कुठल्या ग्रामसेवकानं कुठल्या साली कशासाठी रजा मागितली ते मी आजही सांगेन. ते एक पत्र मात्र मला आठवेना. तिच्या हातात होतं की माझ्या, पांढरं होतं की पिवळं, काहीच आठवेना. मला तिथेच उठून विचारायचं होतं, विमल, मी खरंच असं म्हटलं? पण हललो असतो तर पोरीचा सिनेमा गेला असता. म्हणून मी मेल्यासारखा पडून राहिलो. मला इतकं कठीण काम आयुष्यात कोणी दिलं नव्हतं.

"कट" म्हटल्यावर विवेक हळूच म्हणाला, "काका, शॉटमध्ये तुमच्या डोळ्यातून पाणी आलं."

"घाम आहे," मी म्हटलं.

विमल ताट उचलून आत गेली. मी मागोमाग गेलो. ती भाजी परत पातेल्यात ओतत होती. मी विचारलं, "ते पत्राचं..." ती म्हणाली, "पौर्णिमानं सांगतलं, मनातलं काईबी बोल. बोलली." आणि तिनं गॅसवर चहा ठेवला.

निकाल जूनच्या शेवटी आला. रामाजी फॉर्म घेऊनच बसला होता. भैय्याजी आपलं काम कसं झालं ते ऐकायला आले होते. पौर्णिमानं मोबाइलवरून परीक्षकांचा शेरा वाचून दाखवला. तिचा आवाज पहिल्या ओळीला चढला आणि मग उतरत गेला. तो शेरा मला तोंडपाठ झाला आहे:

'अभिनय अत्यंत प्रभावी. पत्नीची भूमिका अविस्मरणीय. अंत्ययात्रेत रडणाऱ्या गृहस्थांचे काम अस्सल. मात्र कथानक विस्कळीत. तपास अधिकाऱ्यास दुसऱ्या मिनिटास काय कळते हे शेवटपर्यंत कळत नाही. प्रेताच्या जागी कोहळे का? मयत व्यक्ती अंत्ययात्रेत चालते व अखेरच्या दृश्यात रडते. ती जिवंत आहे काय? अनुत्तीर्ण. नवीन कथानकासह चित्रपट पुढील वर्षी पुन्हा सादर करता येईल.'

"मले काय कळते ते स्पष्ट दिसून राह्यलं," भैय्याजी म्हणाले. "त्याईलेच नाई समजलं."

रामाजी स्वतःच्या कौतुकानं थोडा फुलला होता, पण त्यानं फॉर्म पुढे केलाच. "भाऊजी, ठरल्यापरमानं. तुमची सही पाह्यजे इथं."

पौर्णिमानं कबूल केलं होतं आणि ती शब्दाची पक्की आहे. तिनंच माझ्यासमोर पेन ठेवला. विमल दारात उभी होती, हातात कपांचा ट्रे. ती माझ्याकडे पाहत नव्हती. ती फॉर्मकडे पाहत होती. घरात एक कागद येतो, माझ्या हातात दिला जातो, आणि मी त्यावर काय म्हणतो याची कोणीतरी दारात उभं राहून वाट पाहतं. तो पहिला कागद मला आठवत नव्हता. पण तो असाच आला असणार, एवढं मला त्या क्षणी नीट कळलं. दीड महिन्यात मला कळलेली ही एकच गोष्ट.

मी फॉर्म घडी करून रामाजीच्या खिशात परत घातला.

"अट मी घातली होती, मी मोडतो," मी म्हटलं. "पौर्णिमा, 'पुढच्या वर्षी पाहू' असं मी म्हणणार नाही. आजपासून लिहायला घे. मी पुन्हा मरतो."

रामाजी म्हणाला, "भाऊजी, तुम्हाले काई समजते का?"

"नाही समजत," मी म्हटलं. "पण मरता चांगलं येतं, परीक्षकांनी तसं म्हटलं नसलं तरी."

पौर्णिमा रडायला लागली. विमलनं ट्रे खाली ठेवला, सगळ्यांना चहा दिला, माझा कप शेवटी दिला. मग माझ्यासमोर बसली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहून म्हणाली, "या खेपेले खून कोन करते ते आधी ठरवा. मंग घोळ नोको."

"ठरवायचं काय त्यात?" मी म्हटलं. "तूच. दुसऱ्या कोणाच्या हातून मी मरणार नाही."

मी चहाचा घोट घेतला, खाली ठेवला, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा म्हटलं, "चहा चांगला झाला आहे."

विमलनं भुवया वर केल्या. "आता कॅमेरा नाई," ती म्हणाली. "कोनासाठी बोलून राह्यले?"